तयारचं बटण

थोरलीने आयुष्यात इतकी कामं केली होती की धाकटी बहीण चिडवायची, "तुझ्या नोकऱ्या मोजेपर्यंत चहा गार होतो." शर्टांच्या कारखान्यात शिवण तपासली, फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकल्या, हॉटेलात खोल्या साफ केल्या. सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टरच्या मुलाखतीला गेली, तेव्हा ही धरसोड बघून समोरच्यांनी नाक मुरडलं. पण शर्ट उलटा करून शिवण बघावी तसा तिने त्यांचा प्रोग्राम तपासला आणि चुका काढून दाखवल्या. नोकरी मिळाली.

या सगळ्यांत हॉटेलची नोकरी मात्र तिच्या घशात अडकली होती. काउंटरवर पाहुणे ताटकळले की तिथला मॅनेजर खोली साफ व्हायच्या आतच 'तयार आहे' म्हणून किल्ली देऊन मोकळा व्हायचा. एकदा एका पाहुण्याला उशीवर आधीच्या कुणाचे तरी केस दिसले आणि त्याने हॉटेल डोक्यावर घेतलं. मॅनेजरने मालकिणीसमोर थोरलीकडे बोट दाखवलं. म्हणे, हिनेच खोली झाली म्हणून सांगितलं. तिला त्याच दुपारी काढलं. थोरली ते विसरली नाही. माफ करण्याचा मोठेपणा तिच्याकडे नव्हता आणि तिला तो नकोही होता.

आणि एक दिवस तेच हॉटेल कंपनीचं गिऱ्हाईक म्हणून दारात आलं. खोली साफ झाली की सफाईवाल्या बाईने फोनवर 'तयार' दाबायचं, असं सॉफ्टवेअर त्यांना हवं होतं. मालकिणीबरोबर मॅनेजरही आला. थोरलीकडे त्याने खुर्चीकडे बघावं तसं बघितलं. हे बटण काउंटरवरही हवं, असा त्याचा हट्ट. प्रोग्रामरने साफ नकार दिला, जी साफ करते तिनेच दाबावं. बरोबरच होतं त्याचं. पण तो कधी खोल्या साफ करायला गेला नव्हता. नकार मिळाला तर हा माणूस एखादीच्या हातातला फोन घेऊन दाबेल आणि पुन्हा तिच्याच गळ्यात घालेल, हे थोरलीला पक्कं ठाऊक होतं.

"द्या त्यांना बटण," ती म्हणाली. "फक्त कोणी दाबलं त्याचं नाव खोलीपुढे दिसू दे."

मालकिणीने होकार दिला. मॅनेजरने पहिलं वाक्य ऐकलं आणि दुसऱ्याच्या वेळी तो चहा ढवळत होता. थोरलीने त्याला पुन्हा समजावून सांगितलं नाही. तो आता कधी चुकतो याची ती आसुसून वाट बघू लागली.

फार थांबावं लागलं नाही. एका पाहुण्याला पलंगावर ओला टॉवेल सापडला, मॅनेजरने सवयीने एका बाईचं नाव घेतलं आणि मालकिणीने फोन त्याच्यापुढे धरला. नाव त्याचं होतं. सॉफ्टवेअरच बिघडलंय, असं त्याने ठोकून दिलं. मग शहानिशा करायला दोघं कंपनीत आले. मालकीण आत जाऊन बसली. मॅनेजरने थोरलीला बाहेरच गाठलं.

"बिघाड झाला होता, एवढंच म्हणा. मला संसार आहे, ताई."

त्याचा पडलेला आवाज ऐकून क्षणभर तिला कसंसंच झालं. मग ती म्हणाली, "मी तुमच्याकडे खोल्या साफ करायचे. उशीवर केस सापडले, तेव्हा तुम्ही माझं नाव घेतलंत."

त्याने मनापासून आठवून बघितलं. "त्या तुम्ही होय? का ती दुसरी?"

थोरली आत गेली आणि मालकिणीला म्हणाली, बिघाड नाही, बटण मॅनेजरनेच दाबलंय. याआधी ज्या ज्या खोल्यांपुढे त्याचं नाव होतं, त्याही एकेक करून दाखवल्या. दुपारपर्यंत मॅनेजरची नोकरी गेली.

घरी ती पोटभर जेवली. सगळं ऐकून धाकटी हळहळली, "त्याला मुलंबाळं असतील गं."

"असतील," थोरली म्हणाली. "त्या दुसरीलाही असतील."