सासऱ्यांना सांगितलेला पगार

लग्न ठरताना सासऱ्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "पगार किती?" मला तेव्हा वर्षाला बावीस हजार पौंड मिळत होते. मी सव्वीस म्हणालो. का म्हणालो, देव जाणे. मुलगी मनात भरली होती, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते आणि बावीस हा आकडा ऐन वेळी फारच किरकोळ वाटला.

एकदा थाप मारून भागत नाही, हे पुढे कळलं. सासरे दर एप्रिलला पुण्याहून फोन करत. "यंदा वाढ झाली का, जावईबापू?" नाही म्हणायला जीभ रेटायची नाही. मग मी वाढवायचो. कधी हजार, मूड चांगला असला तर दोन हजार. असा सोळा वर्षांत मी बावन्न हजारांवर पोचलो. बायकोला खरा आकडा पहिल्याच महिन्यात कळला होता. "तुझं नि बाबांचं तुम्ही बघा," एवढं बोलून ती मोकळी झाली.

माझी नोकरी नॉटिंगहॅममध्ये, एका गोदामाच्या ऑफिसात. कुठला माल कधी नि किती मागवायचा ते मी ठरवतो. आमच्या कंपनीच्या जाहिरातींत पगारापुढे आकडा न देता नेहमी 'कॉम्पिटिटिव्ह', म्हणजे बाजाराच्या तोडीचा, एवढंच लिहिलेलं असे. त्या शब्दाआड कंपनी सुखी होती आणि मीही. यंदा मात्र वरून फर्मान निघालं, प्रत्येक जाहिरातीत पगाराचा आकडा घालायचाच. आणि पहिलीच जागा निघाली ती माझ्या शेजारच्या टेबलावरची. काम तेच, पदही तेच.

नेमके तेव्हाच सासरे आमच्याकडे मुक्कामाला आले होते. कॉव्हेंट्रीत जन्मलेली त्यांची पुतणी चार महिने बेकार होती, आणि तिच्यासाठी जाहिराती धुंडाळायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. रविवारी ती जेवायला आली, तर हे टॅब्लेट घेऊनच टेबलावर बसले.

"जावईबापू, ही तुमचीच जागा ना? चौतीस ते एकोणचाळीस हजार लिहिलेत."

मी ताटातली पोळी उगाच मोडत बसलो.

"शुद्ध लूट आहे ही! तुम्हाला बावन्न आणि नव्या माणसाला चौतीस? पोरी, तू मुळीच अर्ज करू नकोस."

"ओके काका," ती म्हणाली. "तो सॅलरी मला पण लो वाटला. क्लोजिंग डेट आजच आहे, सो लीव्ह इट."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि आमटी वाढत राहिली. त्या पोरीनं गाडी विकली होती, भाड्याची खोली सोडून ती आईवडिलांकडे परतली होती. माझ्या फुशारकीपायी तिच्या हातची संधी जाणार होती. मला स्वतःची लाज वाटली.

"अर्ज कर," मी म्हणालो. "मला बावन्न मिळत नाहीत. बत्तीस मिळतात. बाबांना मी पहिल्या दिवसापासून वाढवून सांगत आलोय."

आधी बोलली ती पुतणीच. "वेट, जिजू. बत्तीस? मग मला जॉईन झाल्या झाल्या तुमच्यापेक्षा जास्त मिळणार?"

जाहिरात लागल्यापासून आठवडाभर मी हेच गणित टाळत होतो. शरमेनं नि रागानं माझे कान तापले.

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. "मला खोटं सांगताना सोळा वर्षं तुमची जीभ अडखळली नाही," ते म्हणाले. "मग साहेबाकडे हक्काचं मागताना काय होतं हो तुम्हाला?" आणि त्यांनी भात मागितला. जेवण झाल्यावर पुतणीचा अर्ज त्यांनी समोर बसून भरून घेतला.

सोमवारी मी माझ्या मॅनेजर बाईच्या केबिनमध्ये गेलो. जाहिरातीची प्रत पुढे ठेवली आणि एकोणचाळीस मागितले. तिनं कॉम्प्युटरवर माझी माहिती उघडली, बराच वेळ वाचली.

"हे बरोबर नाही. मी दुरुस्त करून घेते," ती म्हणाली. "पण इतक्या वर्षांत तू एकदाही पगारवाढ का मागितली नाहीस?"

काय सांगणार? घरी तर माझा पगार दर एप्रिलला वाढत होता.