घागर मांडीवर घेऊन हतनूरच्या पाण्याकडे

ऐन वैशाखात खानदेशात फिरायला जाते म्हटल्यावर पुण्यातल्या शेजारणीने माझ्याकडे असं पाहिलं, की हिला ऊन आधीच लागलं की काय. तिचं काही चूक नाही. शहाणी माणसं उन्हाळ्यात डोंगरावर जातात. मी मात्र धुळे, जळगाव आणि हतनूर धरणाचा फुगवटा असा बेत आखला होता. एक शहर, एक पाणी, मध्ये तापलेला रस्ता. तीन दिवसांत परत.

खरं कारण वेगळं होतं. माझा मामा थंडीत गेला. आईपेक्षा लहान, तिचा एकुलता भाऊ. मुक्ताईनगरच्या बाजूला, धरणाच्या काठावर त्याचं गाव. आईचं लग्न धुळ्याला झालं आणि काही वर्षांनी तिचं जुनं गाव पाण्याखाली गेलं. माणसं वर नव्या गावठाणात आली. पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मामा दरवर्षी आईला न्यायला यायचा. आमच्याकडे सासुरवाशिणीने आखाजीला माहेरी जायचं ते बोलावणं आल्यावर, न्यायला मुराळी दारात आल्यावर. मामा दारात यायचा, चपला न काढता पायरीवर बसायचा आणि म्हणायचा, "अक्का, चाल." तेवढंच. आईची पिशवी आदल्या दिवसापासून भरलेली असायची.

यंदा मुराळी आला नाही. मामाला मूलबाळ नव्हतं. घरात आता मामी एकटी, तीही साठी ओलांडलेली. आखाजीला गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात, आणि मामाची ही पहिलीच घागर. ती कोण भरणार, भरणार की नाही, आईला काही कळत नव्हतं. मामीचा फोन यायचा. ऊन, गुडघे, कुरडया यावर दोघी बोलायच्या. आखाजीचं नाव मामी काढायची नाही, आणि आईही काढायची नाही.

"तूच विचार ना," गेल्या खेपेस धुळ्याला गेले तेव्हा मी म्हटलं.

"माहेरी जायला कुणी विचारून जातं का? बोलावलं नाही म्हणजे नकोय तिला. भाऊ होता तोवर माझं माहेर होतं." एवढं बोलून आई मुद्दाम भांड्यांचा आवाज करत स्वयंपाकघरात गेली.

तेव्हा मी सहलीची शक्कल काढली. जळगाव बघू, धरण बघू, हवापालट होईल. आईने माझ्याकडे एकदा नीट बघितलं. तिला सगळं कळलं होतं, हे मलाही कळलं. शेवटी म्हणाली, "धरणावर येईन. गावात पाऊल टाकणार नाही." धुळ्याच्या घरची घागर माझी वहिनी भरणार होती. बाबांनी उन्हाचं नाव पुढे करून अंग काढून घेतलं. गाडीत आम्ही दोघीच.

धुळे ते जळगाव

आखाजीच्या आदल्या दिवशी पहाटे निघालो. तुम्हीही पहाटेच निघा. नऊनंतर हा रस्ता माणसाचा राहत नाही. महामार्ग आता रुंद आणि चांगला आहे, पण जुनी झाडं गेली, त्यामुळे सावलीसाठी थांबायचं तर ढाब्याच्या पत्र्याखालीच. पारोळ्याला उसाचा रस प्यायलो. गाळ्यावरच्या बाईंनी आईला पाहताच बाक पुसला.

"अक्का, आठे सावली शे, आठे बसा. आखाजीले माहेर जाई राह्यनात का?"

आई ग्लासाकडे बघत म्हणाली, "नाही हो. धरण बघायला."

"धरण?" बाई हसल्या. मग आईचा चेहरा पाहून त्यांनी हसू आवरलं आणि मागितला नसताना ग्लासात आणखी थोडा रस ओतला. तो वरचा रस आई प्यायली नाही. मी प्यायले, आणि मला रडू येईल असं वाटलं, म्हणून गाडी लवकर काढली.

जळगावात स्टेशनजवळ साधं हॉटेल घेतलं. इथे खोली बघताना बाकी काही बघू नका. कूलर चालतो का आणि त्यात पाणी कोण भरतं, तेवढं विचारा. जेवायला शेवभाजी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा. भरीत मात्र उन्हाळ्यात मागू नका. ते थंडीतल्या वांग्यांचं, आता नुसतं नावाला मिळतं. आईने अर्धी भाकरी खाल्ली आणि उरलेली पदरात बांधावी तशी रुमालात गुंडाळली.

ऊन उतरल्यावर बाजारात गेलो. आखाजीचा बाजार होता. खरबुजांचे ढीग, आंबे, सांजोऱ्यांसाठी रवा घ्यायला आलेल्या बायका, आणि फुटपाथवर कुंभारांनी मांडलेल्या लाल घागरी. आई तिथे थांबली. एकेक घागर उचलून बोटाच्या पेराने वाजवू लागली. चार-पाच नाकारल्या, एक घेतली. वर ठेवायला खरबूजही घेतलं.

"आई, धरण बघायला घागर कशाला?"

"पाणी प्यायला," आई म्हणाली.

संध्याकाळी मेहरूण तलावावर गेलो. शहराला लागूनच आहे. फिरणारी मंडळी, भेळेच्या गाड्या, कट्ट्यावर बसलेली जोडपी, आणि दिवसभरात पहिल्यांदाच अंगाला लागणारी बरी हवा. जळगावात एकच संध्याकाळ असेल तर ती इथे घालवा. आई कट्ट्यावर बसून पाण्याकडे पाहत होती. घागर तिने गाडीत ठेवू दिली नव्हती, ती मांडीवर. जाणारे-येणारे बघत होते, तिला त्याचं काही नव्हतं.

"ह्याच्याखाली कुणाचं गाव नाही ना?" तिने विचारलं.

"नाही गं."

"मग बरंय."

हतनूरचं पाणी

आखाजीच्या सकाळी उजाडायच्या आत भुसावळ मागे टाकलं. वरणगाव सोडलं की केळीच्या बागा सुरू होतात आणि हवेत ओल येते. मामाच्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. तिथे बघण्यासारखं काही नाही, आणि जे आहे ते तिथल्या माणसांचं आहे. फुगवटा बघायचा तर काठाकाठाने कुठूनही दिसतो. पाखरांसाठी यायचं असेल तर थंडीत या. उन्हाळ्यात पाणी मागे सरतं आणि भेगा पडलेल्या गाळातून बरंच चालावं लागतं. चपला अडकतात, बूट घाला. सावली नाही, खायला काही मिळत नाही, पाणी सोबत ठेवा.

मी गाडी गावाबाहेरच, काठाकडे उतरणाऱ्या कच्च्या वाटेवर उभी केली. आई घागर कमरेवर घेऊन चालू लागली. मी हात पुढे केला, तो तिने घेतला नाही.

पाण्याच्या कडेला दहा-पंधरा माणसं होती. कुणी घागर भरत होतं, कुणी भरून परत चाललं होतं. समोर पाण्यातून चिंचेचं काळं, वाळकं खोड वर आलेलं. आईने मला खालच्या आवाजात सांगितलं, त्या चिंचेला लागून जुन्या गावाची विहीर होती. या गावाची माणसं आखाजीला नळाचं पाणी घागरीत भरत नाहीत. इथे येतात, चिंचेच्या समोर उभी राहतात आणि धरणाचं पाणी भरतात. आजे-पणजे आयुष्यभर ज्या विहिरीचं पाणी प्यायले, तेच त्यांना पोचावं म्हणून. मी इतक्या वेळा मामाकडे आले, पण हे मला माहीत नव्हतं. मुलांना उन्हाचं काठावर कोण येऊ देणार?

आई पाण्यात घोटाभर उतरली, वाकली आणि तशीच थांबली. डावीकडे, हाकेच्या अंतरावर, पांढरट लुगड्यातली एक बाई घागर बुडवत होती. मामी.

दोघींनी एकमेकींना पाहिलं. मामीच्या घागरीत पाणी शिरताना बुडबुड आवाज येत होता, तो संपला तरी ती घागर उचलेना. मला वाटलं, आता आई वळणार आणि सरळ गाडीत जाऊन बसणार.

मामीच पुढे आली. घागर तिने पाण्यातच सोडली होती.

"अक्का, आल्या का वं माय! मले वाटलं, आता काई येत नाई तुम्ही."

"बोलावनं कुठी धाडलं तू, सुमन?" आईचा धुळ्यातला इतक्या वर्षांचा आवाज गेला आणि माहेरचा आला. "मी तठी दाराकडे पाहू राह्यली व्हती."

मामीने कपाळावर हात मारला. "दुखवट्याच्या घरानं सनाचं बोलावनं धाडाचं नसतं ना, अक्का. पह्यल्या वर्षी ननंद आपल्या पायानं येते. माह्या माहेरी तर असंच आहे. मी रोज वाट पाहत व्हती. म्हटलं, भाऊ गेला, आता भावजयीकडे काय कामाले येतीन?"

झालं होतं ते एवढंच. एक न बोलावता जायचं नाही म्हणून बसली होती, दुसरी बोलावू नये म्हणून. दोघी आपापली रीत पाळत होत्या, दोघी एकमेकींवर रुसल्या होत्या, आणि दोघींची गाठ घालून देणारा एकच माणूस होता, तो नव्हता. तो असता तर त्याने कुणालाच काही विचारलं नसतं. पायरीवर येऊन बसला असता.

आई तिथेच, पाण्यात उभ्या उभ्या, मोठ्याने रडली. मामा गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. मामीने तिला धरलं. शेजारी घागर भरणारे एक आबा तोंड फिरवून चिंचेकडे बघत उभे राहिले. मी पाण्यात कलंडलेली मामीची घागर सरळ केली, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं.

मग आईने विचारलं, "भाऊची घागर तू भरली ना?"

"व्हय. पन हात चालत नव्हता."

"मंग भाऊची तुही, नि आई-बापाची माही. तीही तोच भरत व्हता."

आईने "गावात पाऊल टाकणार नाही" म्हटलं होतं, त्याची आठवण मी अर्थातच करून दिली नाही. घरात दोन्ही घागरी शेजारी मांडल्या, वर खरबुजं ठेवली. आमच्याकडे उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढून गेलेल्या एकेकाचं नाव घेतात. आजी, आजोबा, त्यांच्या मागचे, सगळ्यांची नावं आईने घेतली. मग कुंकवाची वाटी मामीसमोर धरली. मामी म्हणाली, तुम्ही मोठ्या, तुम्हीच ओढा. आई म्हणाली, नाव तू घे. तसं मग आईने बोट ओढलं आणि मामीने, जन्मात पहिल्यांदाच असेल, नवऱ्याचं नाव मोठ्याने घेतलं.

पुरणपोळी आणि आमरस खाऊन दुपारभर तिघी आडव्या झालो. दोघी कुरडयांवर बोलत होत्या. या वेळी ते बोलणं खरंच कुरडयांचं होतं.

परत

दुसऱ्या दिवशी निघताना मामीने सांजोऱ्यांचा डबा दिला. दारात उभं राहून आईने सहज विचारावं तसं विचारलं, "सुमन, तुह्या माहेरी कोन आहे आता?"

"कोनी नाई, अक्का. घरही इकलं."

आई गाडीत येऊन बसली. भुसावळ गेलं, जळगाव गेलं, धरणगावचा फाटाही गेला. एरंडोलच्या पुढे ती म्हणाली, "दिवाळीला गाडी काढशील?"

"कुठे जायला?"

"परत तिथेच. सुमनला धुळ्याला आणायला. फोन करू नकोस, फोनवर ती नाहीच म्हणेल. सरळ दारात जाऊन बस."

पुण्यात परतून आता महिना होत आला. या सहलीचे फोटो जवळपास नाहीत, एक चिंचेच्या खोडाचा आहे, तोही हललेला. शेजारणीने विचारलं, काय बघितलंस एवढं उन्हातान्हात? मी तिला जळगावची शेवभाजी सांगितली, मेहरूणची हवा सांगितली. बाकीचं सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिलं.

दिवाळीची सुट्टी मात्र मी आत्ताच टाकून ठेवली आहे. जायचं, चपला न काढता पायरीवर बसायचं, आणि म्हणायचं, "मामी, चला."