धुवणाचं पाणी

नव्वदच्या दशकात आम्ही गुजरातेत पांडेसऱ्याला राहायचो. सासरे यंत्रमागाच्या कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. त्यांनी उन्हाळ्याच्या तोंडावर गल्लीत कडुनिंबाची नऊ रोपं लावली. पावसाळ्यापर्यंत थांबा, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं, पण त्यांना दम निघत नव्हता.

नळ सकाळी तासभर यायचा, त्यामुळे झाडांना प्यायचं पाणी घालणं कुणालाच पटलं नसतं. आबांनी तोड काढली. संध्याकाळी बादली घेऊन ते घरोघर जायचे आणि तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी मागून आणायचे. मला त्याची फार लाज वाटायची.

मे महिन्यात पुतणीच्या लग्नाला ते दहा दिवस धुळ्याकडे गेले. जाताना बादली माझ्या हातात दिली. मी लग्न होऊन आलेली, जेमतेम वर्ष झालेलं. गुजराती येत नव्हतं, म्हणून शेजारी कुणाशी बोलतही नव्हते.

पहिल्या दिवशी समोरच्या गुजराती बेनच्या दारात उभी राहिले. 'एठुं' हा शब्द मी तिच्याच तोंडून ऐकला होता. मला वाटलं, त्याचा अर्थ उरलेलं.

“बेन, एठुं पाणी छे?” मी विचारलं.

ती बघतच राहिली. मग दाराला टेकून इतकी हसली, की आतून तिच्या सासूबाई बाहेर आल्या. मी उष्टं पाणी मागितलं होतं. बेनने मला आत बसवलं, ताक दिलं आणि धुवणाच्या पाण्याला काय म्हणायचं ते तीनदा वदवून घेतलं. दुसऱ्या दिवशी माझी फजिती गल्लीभर पसरली होती. पण प्रत्येक दारात पाणी तयार होतं, आणि कुणी ना कुणी बादली धरायला बरोबर येत होतं.

सातव्या दिवशी किराणा दुकानापुढचं रोप शेळीने शेंड्यापासून बुंध्यापर्यंत फस्त केलं. मला रडू कोसळलं. बेन म्हणाली, आबांना कळायच्या आत दुसरं लावू. रोपवाटिकेत आम्हाला हुबेहूब तसंच दिसणारं रोप मिळालं. भोवती काट्या रोवून आम्ही ते लावलं आणि आबांना न सांगण्याच्या शपथा घेतल्या.

आबा आले ते पिशवी न ठेवताच झाडं बघायला निघाले. त्या रोपाशी वाकले, एक पान चुरगळून हुंगलं. आम्ही दोघी खाली मान घालून उभ्या.

“हाऊ मना नही,” ते म्हणाले. हा माझा नाही. “बकाणा शे.” म्हणजे दिसायला कडुनिंबासारखं, पण वेगळंच झाड.

बेनला अहिराणी कळत नव्हती, पण ती ओशाळली. मी शेळीची सगळी हकिगत सांगितली. आबांनी ऐकून घेतलं, माझ्या हातातल्या बादलीतलं उरलंसुरलं पाणी त्याच रोपाला घातलं आणि बेनला म्हणाले, याला जरा जास्त लागेल, नवा आहे.

त्या दिवसापासून पाणी मागायला ते आम्हा दोघींनाही बरोबर घेऊन फिरू लागले.