आत्याची उसनी पायरी

आमचे भाऊजी यमाच्या दारात गेले, तर तिथलीही रांग आधी नीट लावून देतील. तंजावरात तेव्हा नव्यानेच निघालेल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ते कॉम्प्युटर शिकवत. यंत्रापुढे एकदम दहा कामं आली तर आधी कुठलं, हा त्यांचा विषय. ‘वेळ टळल्यावर आलेलं बरोबर उत्तरही चूकच,’ हे वर्गातलं ब्रह्मवाक्य त्यांनी घरातही आणलं. फोन वाजत असताना दूध वर आलं, की ते दुधाकडे धावत. “फोन परत येईल, दूध पातेल्यांत परत येणार नाही!” माझी अक्का कपाळाला हात लावी, पण दूध वाचे, हे खरं.

मुलीच्या लग्नात तर त्यांना रान मोकळं मिळालं. मुहूर्त म्हणजे साक्षात डेडलाइन! मंडपात गरम पाण्याची न्हाणी एकच, म्हणून त्यांनी अंघोळीच्या पायऱ्या ठरवल्या. पहिली नवरी, मग व्याही मंडळी, मग पापनाशम आणि ओरत्तनाडूचे पाहुणे. सगळ्यांत शेवटी त्यांची म्हातारी आत्या, कारण तिला कसलीच घाई नसते.

मुहूर्त जवळ आला. भटजींनी मंगळसूत्र मागितलं. ते देवाच्या पेटीत, पेटीची किल्ली आत्याच्या कमरेला, आणि अंघोळीशिवाय ती पेटीला ना स्वतः शिवणार, ना दुसऱ्याला शिवू देणार. आत्या तर न्हाणीबाहेर शांत बसलेली, आणि पाहुणे एकामागून एक आत जात होते.

“अस्के होऊंदेत रे, मग मी जातें,” ती म्हणाली. अस्के म्हणजे आमच्या तंजावरी बोलीत सगळे.

भाऊजींचा चेहराच उतरला. पहिलं काम शेवटच्यापाशी अडतं आणि मधली पुढे सरकत राहतात, ही चूक ते दरवर्षी वर्गात फळ्यावर काढून दाखवत. “नवरी हिच्यासाठी थांबलीय, आणि ही तुमच्यासाठी!” ते ओरडले. “अस्के सरका! आतां नवरीची पायरी आत्याची!” पंचा गुंडाळून उशिरा दारात पोचलेल्या व्याह्यांनाही त्यांनी मागे ओढलं. आत्या ओल्या केसांनी आली, पेटी उघडली आणि मुहूर्त साधला.

भाऊजींच्या विषयातल्या नियमाप्रमाणे काम झालं की उसनी पायरी परत करायची. पंगतीत मी चिडवलं, “भाऊजी, आता आत्या पुन्हा शेवटी ना?”

ते हसले नाहीत. “जन्मभर ती अशीच थांबली की रे. मीं पाहिलंच नाही.”

ती पायरी त्यांनी परत घेतली नाही. त्या दिवसापासून घरातल्या कॉफीचा पहिला डबरा, म्हणजे पेला-वाटी, आत्याचा. आज आत्या नाही. तरी रोज सकाळी भाऊजी पहिला डबरा तिच्या जागेपुढे ठेवतात आणि तो निवेपर्यंत समोर बसून राहतात. तेवढा वेळ आमच्या भाऊजींनाही कसलीच घाई नसते.