मुफ्लिहच्या घरची कॉफी

किळस येते मला, आणि सगळ्यात जास्त माझीच येते.

मुफ्लिह आमच्या इर्बिदच्या शाळेत खेळाचा मास्तर. वीस वर्षं जिल्ह्याच्या शर्यतींची वेळ त्यानंच लावली. सख्खा भाऊ धावला तरी त्याच्या घड्याळात अर्ध्या सेकंदाची सूट नाही, असा खडूस माणूस.

यंदा परदेशातल्या शर्यतीच्या निवड चाचणीत बेकरीत काम करणारी अरीज पहिली आली. संघात नाव मात्र तिसरी आलेल्या पोरीचं, अॅथलेटिक्स महासंघाच्या अध्यक्षाच्या मेहुण्याच्या लेकीचं! अध्यक्ष तरी आयुष्यात कधी धावलाय? तोही वशिल्यानंच खुर्चीला चिकटलेला. मुफ्लिहनं स्वतःच्या सहीचा वेळेचा कागद जोडून तक्रार ठोकली. चौकशी लागली. अरीज जाणार की नाही, हे आता त्याच्या साक्षीवर होतं.

चौकशीच्या आदल्या दिवशी आम्ही वीसजण अध्यक्षाच्या वतीनं मागणं घेऊन त्याच्या दारात उभे. पुढे आमच्याच कुळातले अबू गाझी, ऐंशीचे. मुफ्लिहला वाटलं, अध्यक्षानं माफी मागायला माणसं धाडली. भोळाच तो. अबू गाझींनी कॉफीचा पेला घेतला आणि तसाच पुढ्यात ठेवला. मागणं मान्य झाल्याशिवाय म्होरक्या घोट घेत नाही, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण म्हातारा माणूस आपल्या घरात ताटकळतोय, हे मुफ्लिहला बघवेना. मागणं काय ते ऐकायच्या आधीच तो बोलून गेला, "काका, कॉफी घ्या. ज्यासाठी आलात ते दिलं."

म्हाताऱ्यानं पेला शांतपणे संपवला. मग म्हणाला, "पोरा, उद्या एवढंच सांग, घड्याळ बिघडलं होतं."

मुफ्लिहचा चेहरा पांढराफटक पडला. पण वीस माणसांसमोर दिलेला शब्द. मोडला असता तर त्याच्या घराशी सोयरीकसुद्धा कुणी केली नसती. दुसऱ्या दिवशी त्यानं तसंच सांगितलं, खाली बघून. अध्यक्षाची भाची विमानात बसली. थू!

परवा सकाळी तो नेहमीसारखा मैदानावर आला आणि सवयीनं घड्याळ हातात घेतलं. अरीज बुटांच्या नाड्या बांधत होती. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.

"सर, ते तर बिघडलंय ना?" म्हणाली, आणि धावत सुटली.

मुफ्लिहनं घड्याळ खिशात घातलं. मी कुंपणापाशीच होतो. मागणं काय आहे हे मला त्या दिवशी दारात पाऊल टाकण्याआधीच माहीत होतं. त्याला नुसता डोळ्यानं खुणावलं असतं तरी पुरे होतं. मी कॉफी प्यायलो, दोन पेले. माझा धाकटा मुलगा काल महासंघाच्या कचेरीत कामावर रुजू झाला.