कणगीतला मास्तर

माझं घनफळ पंधरा पायली आहे. अंदाजाने सांगत नाही. सगळ्या गावासमक्ष, दिवसाढवळ्या, आमच्याच अंगणात मोजलेलं आहे.

तेव्हा पायलीचं राज्य होतं. लिटर नावाचा कोणी प्राणी सरकारी कचेरीतून निघालाय म्हणे, पण आमच्या जवळच्या खर्डी स्टेशनापर्यंत पोचला नव्हता. मी शहापुरात गणिताचा मास्तर. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत माझ्याएवढं गणित कोणाला येत नाही, असं माझं ठाम मत होतं. (दुसऱ्या कोणाला विचारायची गरज वाटली नाही!) माझी धाकटी बहीण इंदू मॅट्रिकला होती, आणि मुंबईच्या एका कॉलेजात गणिताच्या खास वर्गासाठी प्रवेश परीक्षा होती. मुंबई-पुण्याची हुशार पोरं ढिगाने बसणार, जागा मात्र बोटांवर मोजण्याइतक्या! तिची तयारी मी करून घ्यायचो. म्हणजे मी गणित घालायचो, ती सोडवायची, मी "हं, बरोबर" म्हणायचो. बरोबर आलंय की नाही, ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळायचं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारच्या गाडीने निघायचं होतं. इंदूने पिशवी भरली, आईने भाकऱ्या बांधल्या, आणि आबांनी ऐन वेळी ओटीवर फतकल मारली.

"पोरगी मुंबईला जाऊन काय करनार?"

"गणित शिकेल, आबा," मी म्हणालो.

"मंग इथंच दाखव. ती कणगी बघ, कालच लिंपलीय. तिच्यात किती पायली भात मावंल, सांग गो इंदू. बरोबर आलं तर जा. नाय आलं तर पिशवी खाली कर."

"एवढंच ना!" मी उसळलो. (प्रश्न मला विचारलेलाच नव्हता.)

कणगी म्हणजे भात साठवायचं बांबूचं भलंमोठं पिंप, वरून शेणामातीचं लिंपण. पोट सुटलेलं, तोंड आवळलेलं. पोटापुरतं आमचं साम्य होतं; तोंड आवळणं मला कधी जमलं नाही.

"व्यास आतूनच घ्यावा लागतो!" असं जाहीर करून मी फूटपट्टी दातांत धरली, उखळावर चढलो आणि कणगीत उतरलो.

"मास्तर, भाईर कसं येनार?" शेजारच्या गोमाकाकांनी विचारलं. गावातलं सगळं भात तेच मापायचे.

"ते पुढचं गणित!"

आत अंधारात मापं घेऊन मी गर्जना केली, "दोनशे पायली!" मग बाहेर यायला लागलो, तर पोट तोंडात अडकलं. आत जाताना मी श्वास रोखला होता. बाहेर येताना तो सगळा ओरडण्यात खर्च झाला होता.

"कणगी आडवी करा!"

"आडवी? लिंपन वलं हाय. तडा जाईल!"

"आबा, आत मी आहे!"

"तुला कुठं तडा जातोय?"

एवढ्या वेळात इंदूने बाहेरूनच कणगीला ठिकठिकाणी सुतळी गुंडाळून घेर घेतले होते, पायलीही मापली होती. "जाडी वजा केली की झालं, दादा. आत जायची गरज नव्हती."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तू बोलत होतास."

पाटीवर पाचेक मिनिटं खरडून तिने सांगितलं, "एकशे चव्वेचाळीस."

"वोता भात!" आबा म्हणाले.

"अवो, पोर आत हाय!" आई कळवळली.

"बरंच हाय," गोमाकाका म्हणाले. "भात चढंल तसतसा पाय उचलत ऱ्हा, मास्तर. आपोआप वर येशाल."

गोमाकाकांनी पहिली पायली ओतली. "लाभ!" (आमच्याकडे भात मापताना एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात.) मग दोन, तीन, चार... मी फक्त पाय उचलायचे होते. पण उद्या परीक्षा, आणि इंदूची शंकुछेदाच्या सूत्राची उजळणी राहिली होती! मी आतून ते सिद्धतेसकट सांगायला घेतलं. सिद्धता संपली तेव्हा भात कमरेपर्यंत आला होता आणि पाय कोणाचे आहेत हेच मला कळेना.

एकशे एकोणतीसला भात माझ्या हनुवटीला आणि कणगीच्या काठाला एकदमच टेकला.

"भरली!" आबांनी टाळी वाजवली. "पंधरा पायली चुकली! इंदू, पिशवी खाली कर."

इंदूचा चेहरा पडला. पोरीचं सगळं वर्ष पाण्यात! मला काही बोलायचं होतं, पण तोंडात भाताचं कुसळ गेलं. आयुष्यात पहिल्यांदाच गरजेच्या वेळी मी गप्प होतो. बहुधा त्या शांततेमुळेच तिला विचार करता आला. कलशावरच्या नारळासारखं माझं डोकं भातावर बसलं होतं. त्याच्याकडे ती टक लावून बघू लागली आणि एकदम खुदकन हसली.

"आबा, भाताच्या जागेत दादा उभा हाय. त्याला काढा. पंधरा पायलीचा खड्डा पडंल."

"मान्सं पायलीनं मापतंस गो?"

"आज मापते."

काखेत दोर बांधून चौघांनी मला अंगणातल्या आंब्याच्या फांदीवरून मुळ्यासारखा उपटला. धोतर आतच राहिलं. (त्याचं घनफळ इंदूने सोडून दिलं.) भात खाली बसला आणि गोमाकाका पुन्हा ओतू लागले. "लाभ! दोन! तीन!" दहापासून सगळं गाव मोठ्याने मोजायला लागलं. तेरा! चौदा! पंधरावी पायली ओतली आणि कणगी काठोकाठ! एक दाणा खाली पडला असेल नसेल.

आबा जागचे उठले. मला वाटलं, आता पोरीला जवळ घेतील. ते थेट गोठ्याकडे गेले. "बघत काय ऱ्हायलाव? गाडी चुकंल माझ्या पोरीची!" आणि स्वतः बैल जुंपून त्यांनी खर्डीपर्यंत अशी गाडी हाणली, की आगगाडीचीच आम्हाला वाट बघावी लागली.

निवडीच्या यादीत इंदूचं नाव दुसरं आलं. (मुरबाडात मी पहिलं सांगितलं.) माझ्या शिकवणीचा डंका दोन्ही तालुक्यांत वाजला. पुढल्या वर्षी मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत तीन बाप मला शोधत आले. "मास्तर, आमच्या पोरांनापन त्या परीक्षेला बसवायचंय."

माझी छाती फुगली. "आणा की! शिकवीन!"

"नाय नाय, शिकवायचं तुमच्या भैनीला सांगितलंय, ती सुट्टीत येनाराय," त्यातला म्हातारा घाईघाईने म्हणाला. "कणगी आमी गाडीत घालून आनलीय. तुमी फकस्त आत उभं ऱ्हा."