परत म्हण, जरा हळू

गावात त्याला सगळे लेखकराव म्हणत. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे ज्याने त्याने ठरवावं. दिवसा तो हार्डवेअरच्या दुकानात बिलं लिही आणि संध्याकाळी हौशी मंडळींसाठी नाटकं. दर वर्षी एक नवीन नाटक, गावच्या सभागृहात. माणसं दाटीवाटीने बसून बघायची आणि बाहेर पडल्यावर नावं ठेवायची. पुढच्या वर्षी तीच माणसं पुन्हा पुढच्या रांगेसाठी भांडायची.

नाटकं खरोखरच चांगली असत, आणि त्याचं कारण घरात बसलेलं होतं. बायको कपडे शिवायची. लिहिलेला प्रत्येक संवाद तो तिला म्हणायला लावायचा. ती मशीन थांबवायची, ओठांत धरलेल्या टाचण्या काढून ठेवायची आणि म्हणून दाखवायची. तिची जीभ अडखळली की वाक्य बाद.

"अहो, असं कोण बोलतं? भांडताना माणूस एवढं सजवून बोलतो होय?" असं म्हणत ती तेच वाक्य आपल्या पद्धतीने फेकायची. मग हा टुणकन उठायचा. "परत म्हण, जरा हळू," म्हणायचा आणि लिहून घ्यायचा. टाळ्या पडत त्या बहुधा अशाच वाक्यांना. शाबासकी मात्र लेखकरावांच्या पाठीवर. तिने कधी तक्रार केली नाही, तिलाही त्या उद्योगाची गोडी होती.

मग सभागृह विकलं गेलं आणि तिथे फरशांचं दुकान आलं. मंडळी पांगली. हार्डवेअरच्या मालकाचा मुलगा शिकून आला, त्याने बिलांसाठी कॉम्प्युटर आणला आणि लेखकरावांना नारळ दिला. चाळिशी उलटलेल्या माणसाने दुसरं करायचं तरी काय? शहरात एक कंपनी रोजच्या मालिका बनवायची, तिथे लेखक हवे होते. याने बॅग भरली.

"जा," बायको म्हणाली. "इथे भिंतींशी बोलत बसण्यापेक्षा बरं. फोन करत जा. कामाशिवायही करत जा."

शहरात एका लांबलचक खोलीत टेबलाला टेबल चिकटवून लेखक बसत. सकाळी प्रसंग हातात पडायचा: सून रडते, सासरे घर सोडतात. दुपारपर्यंत संवाद तयार हवे. कोण बोलणार, तिचा आवाज कसा, ती चिडली की भरभर बोलते की गप्प होते, कुणाला पत्ता नसे आणि विचारायला सवडही नसे. लेखकरावांची पानं परत येऊ लागली. प्रमुख लेखिकेला सगळे बाई म्हणत. बाई काही वाईट नव्हत्या, पण स्पष्ट होत्या.

"सगळं व्यवस्थित आहे हो तुमचं. फक्त माणूस बोलतोय असं वाटत नाही. महिनाअखेरपर्यंत बघू."

रोज संध्याकाळी तो बायकोला फोन लावायचा आणि संवाद वाचून दाखवायचा. सुरुवातीला ती हौसेने दुरुस्त्या सांगायची. पुढे पुढे ती हं, हं करू लागली. तिचं कसं चाललंय हे विचारायचं त्याच्या मनात असायचं, पण आधी संवाद उरकू म्हणताना ते राहूनच जायचं.

एका संध्याकाळी त्याच्याकडे प्रसंग होता तो नवरा परगावी गेलेल्या बाईचा. "ही काय म्हणेल सांग ना," तो म्हणाला.

तिने मशीन थांबवलं. मग म्हणाली, "अहो, तुम्ही गेलात तेव्हा घर खायला उठायचं. आता नाही उठत. आता एकटीला बरं वाटायला लागलंय, आणि त्याचीच मला भीती वाटते."

तिचा आवाज कापत होता. इथे नवऱ्याने काय बोलावं, हे कुणीही सांगितलं असतं. लेखकराव म्हणाले, "परत म्हण, जरा हळू."

म्हटलं आणि त्याने जीभ चावली. पण तिने परत म्हटलं. सावकाश, एकेक शब्द सुटा, मुलांना शुद्धलेखन घालावं तसं. मग फोन ठेवला. त्याने लगेच उलटा फोन करायला हवा होता. त्याने आधी लिहून घेतलं.

बाईंनी ते पान उभ्या उभ्या वाचलं, पुन्हा वाचलं आणि त्याची नोकरी पक्की केली.

त्याने माफी मागितली, अगदी मनापासून मागितली. "त्यात काय एवढं," ती म्हणाली. तेव्हापासून फोनवर ती मोजकंच बोलायची. जेवलात का, मीही जेवले, इकडे सगळं ठीक आहे. तो शपथेवर सांगायचा की मी काही लिहीत नाहीये. ती म्हणायची, "लिहा की."

मग एके दिवशी दुपारी मेव्हणीचा फोन आला, तोही तावातावाने. "भावोजी, टाके काढून झाले तरी तुम्ही फिरकला नाहीत. एवढं काय काम असतं हो?" बायकोचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. ती आठवडाभर दवाखान्यात होती. तिथूनच ती रोज त्याला सगळं ठीक आहे म्हणून सांगत होती.

त्याने लगेच घरी फोन लावला. "मला का नाही सांगितलंस?"

"मला दुखत होतं," ती शांतपणे म्हणाली, "आणि तुम्हाला मी ते कसं सांगते, हे ऐकायचं असतं."

वाक्य फार चांगलं होतं. हे त्याच्या लक्षात आधी आलं. तिला दुखत होतं, हे त्यानंतर.